घाट, आळी आणि दप्तर : वाई शहराचा स्थानिक अभ्यास

आपल्या राज्यातील लहान शहरांचा इतिहास बहुधा दोन ठिकाणी वाचावयास मिळतो. एक, जिल्हा गॅझेटिअरमध्ये. दुसरे, प्रवाशांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकांत. गॅझेटिअरमध्ये माहिती भरपूर असते, परंतु ते त्या शहरातील रहिवाशाच्या हाती क्वचितच पडते. मार्गदर्शिका सहज हाती पडते, परंतु देवळे, किल्ले आणि भोजनाची सोय यांच्या पलीकडे ती फारशी जात नाही. शाळेतील शिक्षक, नगरपरिषदेचे सदस्य, आसपासच्या ग्रामपंचायतींचे सरपंच, ग्रंथपाल, तलाठी या मंडळींना आपले गाव हेच अभ्यासाचे साधन म्हणून वापरता येईल, अशी तिसरी वाट अजून पुरेशी मळलेली नाही. ती कशी चालावी याचा विचार सातारा जिल्ह्यातील वाई या शहराच्या आधारे येथे केला आहे.

वाईची निवड करण्यास कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती. म्हणजे शाळेतील मुलांना दोन-चार दिवसांत पायी फिरून पाहता येईल एवढेच हे शहर. पण एवढ्याशा जागेत इतिहासाची दोन निरनिराळ्या प्रकारची साधने एकत्र आलेली आहेत : नदीकाठी उभा असलेला दगड आणि घराघरांत बांधून ठेवलेला कागद. पहिल्याची कीर्ती दूरवर गेली आहे. चित्रपटांनीही ती वाढविली आहे. दुसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे, आणि नष्ट होण्याचा धोका त्यालाच अधिक आहे.

पाण्यापासून प्रारंभ

कोणत्याही जुन्या गावाचा अभ्यास पाण्यापासून सुरू करावा, हे उत्तम. वाईच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा धोमवरून खाली येते आणि वाईपाशी तिला लागून घाटांची रांग सुरू होते. पेशवाईच्या काळात येथे जी बांधकामे झाली त्यांत रास्ते घराण्याचा वाटा मोठा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच घराण्यातील. आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे देऊळ बांधले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये गणपतीचे देऊळ उभारले. एकाच पाषाणातून घडविलेल्या विशाल मूर्तीमुळे लोक या देवाला 'ढोल्या गणपती' म्हणतात.

भाविक आणि प्रवासी मूर्ती पाहून परततात. अभ्यासकाने मात्र देवळाला वळसा घालून मागील बाजूस गेले पाहिजे. पुराचे पाणी ज्या दिशेने येते त्या दिशेची ही भिंत सरळ नाही. नावेच्या नाळेप्रमाणे ती निमुळती होत गेली आहे. पाण्याचा लोंढा तिच्यावर आदळला की दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. ज्याने ही भिंत आखली त्याला कृष्णेचा पूर किती उंच चढतो, कोणत्या बाजूने रेटा देतो, हे नेमके ठाऊक होते. कागदावर आकडे न मांडता त्याने ते ज्ञान दगडात मांडून ठेवले. अडीचशेहून अधिक पावसाळे हे देऊळ नदीच्या तोंडाशी उभे आहे, ही त्या ज्ञानाची परीक्षाच होय.

सातवी-आठवीच्या मुलांना या भिंतीपाशी नेऊन शिक्षकाने काय करून घ्यावे? भिंतीचा आकार कागदावर काढावा, पायऱ्या मोजाव्या, नदीचे नेहमीचे पाणी आणि देवळाचा चौथरा यांतील अंतर काढावे. मग आळीतील वयोवृद्धांना विचारावे की, त्यांनी पाहिलेले पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते आणि तेव्हा कोणते साल होते. साल आठवत नसेल तर लग्न, मुलाचा जन्म, एखादी निवडणूक यांच्या आधाराने ते काढता येते. अशा दहा-बारा साक्षी जमल्या की त्या एकमेकींशी ताडून पाहाव्या. भूगोल, गणित आणि इतिहास हे तीन विषय एका भिंतीपाशी एकत्र येतात; आणि तयार होणारा पूररेषेचा तक्ता नगरपरिषदेच्या आपत्ती व्यवस्थापनालाही उपयोगी पडू शकतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत वाई तालुक्याच्या पश्चिम भागात दरडी कोसळल्या, हे लक्षात घेता लोकांच्या स्मरणातील पाण्याच्या वाटा, जुने ओढे आणि झरे यांची नोंद ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वाईच्या वरच्या अंगाला सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट क्षमतेचे धोम धरण झाल्यापासून नदीची वागणूक बदलली आहे. धरणापूर्वीचा पूर आणि धरणानंतरचा पूर यांची एकाच रकान्यात नोंद केली तर निष्कर्ष चुकतील. शिवाय धरणाच्या जलाशयाखाली गेलेल्या गावठाणांची, शेतांची आणि पाणवठ्यांची नावे हा एक वेगळाच विषय आहे. ती नावे ज्यांच्या तोंडी होती ती पिढी आता वृद्ध झाली आहे. पुनर्वसित कुटुंबांकडे जाऊन ती टिपून घेणे हे त्या त्या ग्रामपंचायतीचे काम समजावयास हरकत नाही.

आळ्या आणि उत्सव

वाईच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीची नावे ऐकावी : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. यांतील तीन नावांत पाणी आहे. एकात देव, एकात केवळ जागा आणि एकात तेथे राहणाऱ्यांचा वर्ण आहे. स्थलनामे ही इतिहासाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वसनीय साधने होत. स्वस्त अशासाठी की, ती मिळविण्यास विचारण्याखेरीज काही लागत नाही. नवीन वसाहतींना नवी नावे देताना जुनी नावे पुसली जाणार नाहीत एवढी काळजी नगरपरिषदेने घेतली तरी पुष्कळ झाले.

या आळ्यांना एकत्र बांधणारी संस्था म्हणजे कृष्णाबाईचा उत्सव. थंडी सरू लागली की, एकामागून एक घाटावर मंडप पडतो, कृष्णाबाईची मूर्ती तेथे आणून बसविली जाते आणि त्या त्या आळीचे लोक काही दिवस पूजा, कीर्तन, गायन, भोजन यांत रमतात. एका घाटाचा उत्सव आटोपला की दुसऱ्याचा सुरू होतो. हा क्रम चैत्रापर्यंत चालतो. १६५९ मध्ये अफजलखान प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी वाईस तळ देऊन होता. त्या संकटात कृष्णेला केलेल्या नवसातून हा उत्सव निघाला, अशी आख्यायिका सांगतात. खान पूर्वी वाईचा सुभेदारही होता, तेव्हा गावाला त्याची ओळख नवी नव्हती. आख्यायिकेचा खरेखोटेपणा ठरविणे हे शाळेचे काम नव्हे. लोक आपल्या उत्सवाचा आरंभ कोणत्या संकटाशी जोडतात, हे मात्र टिपून ठेवण्याजोगे आहे.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने उत्सवाचे महत्त्व आणखी वेगळे आहे. वर्गणी कशी गोळा होते, भांडी कोणाकडे असतात, हिशेब कोण ठेवतो, पंक्तीला कोण वाढतो आणि पूर्वी पंक्तीला कोणाला बसता येत नसे, या प्रश्नांची उत्तरे म्हणजे आळीच्या कारभाराचा इतिहासच आहे. शेवटचा प्रश्न अवघड आहे म्हणून तो टाळू नये. घाटांवरील स्नानाच्या, पाणी भरण्याच्या आणि धुण्याच्या जागा कोणाच्या कोठे होत्या, हे विचारल्याशिवाय नदीकाठचा इतिहास अर्धाच राहतो. उत्सव समित्यांच्या जुन्या हिशेबवह्या हे यासाठी उत्तम साधन आहे. त्यांत धान्याचे, तुपाचे, तेलाचे भाव सापडतात; मजुरीचे दर सापडतात; दुष्काळी वर्षी खर्चाला लागलेली कात्रीही दिसते.

डोंगरांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. पांडवगड, वैराटगड आणि गेरूच्या विहिरीसाठी प्रसिद्ध असलेला कमळगड या किल्ल्यांकडे गिर्यारोहकांचे लक्ष आहे, त्यांच्याविषयी लिहिलेही जाते. वाईच्या उत्तरेकडील लोहारे येथील पालपेश्वराची लेणी मात्र त्या मानाने उपेक्षित आहेत. मूळची बौद्ध असलेली ही लेणी पुढे शैव उपासनेची जागा झाली. या खोऱ्याला पेशवाईच्या कितीतरी आधीचा इतिहास आहे, हे मुलांना त्यांच्याकडे पाहून समजते. धोम येथील महादेवाच्या देवळापुढील कासवावर बसविलेला नंदी हाही अवश्य पाहावा.

कागदांचे गाव

आता दुसऱ्या साधनाकडे वळू. वाईला 'दक्षिण काशी' म्हणण्याची प्रथा आहे. हे विशेषण देवळांवरून पडले असे मानले जाते. परंतु काशीशी तिचे खरे साम्य ग्रंथ आणि अध्ययन यांत अधिक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'मोदवृत्त' नावाचे साप्ताहिक येथून निघत असे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील काळातील स्वामी केवलानंद सरस्वती (१८७७–१९५५), यांच्या प्राज्ञपाठशाळेने वाईला नवी ओळख दिली. जुने शास्त्र जुन्या पद्धतीने शिकवायचे, परंतु नव्या काळाचे प्रश्न दारात अडवायचे नाहीत, असा या पाठशाळेचा बाणा होता. याच संस्थेतून धर्मकोशाचे प्रचंड काम उभे राहिले. त्याचा पहिला भाग १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. केवलानंदांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्यालय वाईस आले, छपाईसाठी मुद्रणालय उभे राहिले आणि १९७६ मध्ये विश्वकोशाचा पहिला खंड बाहेर पडला. १९८० मध्ये राज्य शासनाने या कामासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. राजधानीपासून दूर, रेल्वेही न पोहोचलेल्या गावात एवढा मोठा कोश सिद्ध व्हावा, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. ज्या गावात पोथ्यांची आणि त्या वाचणाऱ्यांची परंपरा तुटलेली नव्हती, तेथे ते घडावे यात वस्तुतः नवल नाही.

या परंपरेतील एक लहानशी घटना येथे सांगितली पाहिजे, कारण ती साधनसंपत्तीविषयी पुष्कळ काही शिकविते. १९१७ मध्ये तरुण विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे अध्ययनासाठी वाईस आले. येथे त्यांनी विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढले आणि एक वाचनालय सुरू केले. वाचनालयाला पैसा हवा होता. तो उभा करण्यासाठी या मुलांनी लोकांचे धान्य जात्यावर दळून दिले आणि दळणाचे पैसे वाचनालयाला दिले. अनुदानाची मागणी, देणगीदाराची शोधाशोध, इमारतीचा आराखडा यांपैकी काहीही तेथे नव्हते. होते ते जाते आणि मनगट. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ पासून ग्रंथालयांना शासनाचे साहाय्य मिळू लागले हे योग्यच झाले. परंतु गावाने स्वतः काय दिले, हा प्रश्न ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत अधूनमधून विचारला जावा. लोकमान्य टिळक स्मारक संस्थेचे ग्रंथसंग्रहालय वाईत आहे, प्राज्ञपाठशाळेचा संग्रह आहे, विश्वकोशाचे संदर्भ ग्रंथालय आहे. एवढ्या लोकवस्तीच्या किती गावांना हे भाग्य लाभले असेल?

तथापि सर्व कागद ग्रंथालयात गेलेला नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पानिपतच्या मोहिमेवर नवा प्रकाश टाकणारी त्यातील पत्रे त्यांना सरकारी दफ्तरखान्यात सापडली नव्हती. ती वाईतच एका खाजगी घरच्या दप्तरात हाती लागली. पुढे राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळीत राहिले, त्याची प्रेरणा या पहिल्या लाभात होती असे म्हटल्यास चूक होणार नाही. कुलकर्णी, जोशी, देशमुख, सावकार यांच्या माळ्यावर रुमालात बांधलेली पुडकी म्हणजे राष्ट्राच्या इतिहासाची साधने होत, हे महाराष्ट्राला समजले त्यात या शहराचा असा वाटा आहे.

मेणवलीचे उदाहरण

वाईपासून अवघ्या तीन किलोमीटरवर मेणवली आहे. नाना फडणवीस (१७४२–१८००) यांनी येथे अनेक चौकांचा प्रशस्त वाडा बांधला, नदीला सुरेख घाट बांधला आणि देवळे उभारली. वाड्यातील भित्तिचित्रे, सागवानी तुळया आणि खांब आजही पाहणाऱ्याला थांबवितात. घाटावरील लहान देवळात एक मोठी घंटा टांगली आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधील ज्या घंटा महाराष्ट्रभर नेल्या गेल्या, त्यांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे वर्ष आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटाही याच कुळातील. एका घंटेच्या साहाय्याने वसईची मोहीम, पोर्तुगीज सत्ता आणि मराठी सरदारांचे देवालयांना दिलेले दान हे तीन धडे शिकविता येतात. २००४ मधील 'स्वदेस' या चित्रपटाचे चित्रण येथे झाल्यापासून पर्यटकांची रीघ लागली आहे. घाटावर छायाचित्रे निघतात आणि पर्यटक परत फिरतात.

पण मेणवलीचे खरे मोल तिच्या दप्तरात होते. पेशवाईचा कारभार ज्याच्या लेखणीखालून गेला त्या मुत्सद्द्याचे खाजगी व राजकीय कागद येथे जतन झाले होते. दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी ते मिळवून अभ्यासकांसमोर आणले. पारसनीसांनी सातारा येथे संग्रहालय उभारले. त्यांच्या पश्चात १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद सुरक्षित राहिले ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र यातून एक प्रश्न उरतो. वाडा मेणवलीला, घाट मेणवलीला, आणि त्या वाड्यात बसून लिहिलेला शब्द मात्र गावापासून दूर. मूळ कागद परत मागावेत असे येथे सुचवावयाचे नाही. पुण्यासारख्या ठिकाणी त्यांची निगा अधिक चांगली होते. परंतु निवडक पत्रांच्या छायाप्रती आणि त्यांची देवनागरी लिप्यंतरे मेणवलीच्या शाळेत आणि वाईच्या ग्रंथालयात असावयास काय हरकत आहे? 'आपल्या गावात बसून हे पत्र लिहिले गेले' असे सांगून नानांचे पत्र वर्गात वाचणारा शिक्षक आणि पाठ्यपुस्तकातील चार ओळी वाचणारा शिक्षक यांच्या तासांत जमीन-अस्मानाचे अंतर पडेल.

कागद का दिसत नाहीत

घरोघरी दप्तरे असतील तर ती बाहेर का येत नाहीत, हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. याचे उत्तर अनास्था एवढेच नाही. जुन्या कागदांत जमिनीचे, इनामाचे, वाटणीचे दस्तऐवज असतात. ते दाखविले तर भाऊबंदकीचा एखादा निवलेला वाद पुन्हा पेट घेईल, ही भीती खरी आहे. शिवाय कागद मोडी लिपीत असल्याने आपल्याकडे नेमके काय आहे हे मालकालाच कळत नाही. आणि जे कळत नाही ते एक तर देवासारखे पूजले जाते, नाही तर रद्दीत जाते. पूर्वी पाहावयास म्हणून नेलेले कागद परत न आल्याचे कडवट अनुभवही काही घराण्यांच्या गाठी आहेत.

म्हणून अभ्यासकाने किंवा शिक्षकाने पहिला नियम असा पाळावा की, कागद घराबाहेर न्यायचा नाही. मालकाच्या समोर, त्याच्या ओटीवर बसून छायाचित्र घ्यावे आणि पुडके होते तसे बांधून ठेवावे. कोणते कागद दाखवावयाचे, कोणते नाहीत, हे ठरविण्याचा अधिकार मालकाचा. तसे लेखी लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत त्याला द्यावी. रुमालातील कागदांचा क्रम बदलू नये, कारण पुष्कळदा तो क्रमच कागद कोणत्या प्रकरणाचा आहे ते सांगतो. चिकटपट्टी लावणे, प्लॅस्टिकमध्ये गरम दाबून बंद करणे, ओल्या फडक्याने पुसणे हे प्रकार सद्‌हेतूने केले जातात आणि त्यांनीच कागदाचा घात होतो. स्वच्छ, कोऱ्या सुती कापडाचा रुमाल, कोरडी जागा आणि वर्षातून दोनदा सावलीत उघडून पाहणे, एवढी निगा सामान्य घरालाही परवडते.

मोडीचे काय, असे कोणी विचारील. २०२३ मध्ये जातीच्या जुन्या नोंदींचा शोध राज्यभर हाती घेण्यात आला, तेव्हा महसूल कार्यालयांतील, शाळांतील आणि पोलीस ठाण्यांतील जुनी मोडी दप्तरे एकाएकी बाहेर काढावी लागली, आणि ती वाचू शकणारी माणसे किती थोडी उरली आहेत हे सर्वांच्या ध्यानात आले. जन्म-मृत्यूची कोतवाल बुके, शाळेचे जनरल रजिस्टर, पेढीनामा, खासरापत्रक हे ज्यांना आजवर धुळीचे ढीग वाटत होते, त्यांच्यासाठी नागरिक रांगा लावून उभे राहिले. स्थानिक कागदांचा आणि सामान्य माणसाच्या हक्कांचा संबंध याहून स्पष्टपणे दिसणे कठीण. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण दिले जाते. तालुक्यातील चार-पाच शिक्षकांनी आणि एक-दोन ग्रंथपालांनी ते घेतले तर त्या तालुक्याची निकड बऱ्याच अंशी भागेल. वाईसारख्या गावात तर निवृत्त शिक्षकांतही शिकण्यास उत्सुक असे लोक निघतील.

नोंदवही

या सर्व कामाला खर्चाची मोठी योजना लागत नाही. एक नोंदवही लागते. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायती लोक जैवविविधता नोंदवही ठेवतात. त्याच धर्तीवर नगराच्या साधनांची वही ठेवता येईल. एका पानावर एकच नोंद असावी : घाट, विहीर, आळीचे नाव, उत्सवाची हिशेबवही, एखाद्या घरचे दप्तर, किंवा एखादी जाणती व्यक्ती. जाणत्या व्यक्तींत केवळ शास्त्री-पंडित धरू नयेत. हळद शिजविण्याची जुनी रीत जाणणारा शेतकरी, घाटाच्या दगडाचा सांधा कसा भरतात हे जाणणारा गवंडी, बावधनच्या बगाडाचा लाकूडसाज तयार करणारे कारागीर, नदीतील डोहांची खोली सांगणारा कोळी, जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असलेली आजीबाई हेही त्या वहीत आले पाहिजेत. पानावर माहिती कोणी सांगितली, केव्हा सांगितली आणि टिपून कोणी घेतली, हे न चुकता लिहावे. ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांसाठी दोन निराळ्या शाया वापरल्या तर उत्तमच.

तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात आपल्या जिल्ह्याची ओळख असते. मुलांचे कुतूहल तेथे जागे होते आणि चौथीनंतर बहुधा निजते. ते पुढे जागे ठेवण्याचे काम ही वही करू शकेल. मात्र नोंदी मुलांनी केल्या तरी तपासणी मोठ्यांनी केली पाहिजे. नाही तर एका मार्गदर्शिकेतील चूक शंभर वह्यांत उतरते.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांमध्ये सांस्कृतिक व शैक्षणिक अंगांचे संवर्धन हा विषय आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे ग्रंथालये आणि सांस्कृतिक कार्य हे विषय सोपविलेले आहेत. तेव्हा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उद्भवत नाही. उरतो तो वेळेचा प्रश्न, आणि तो तातडीचा आहे. वाईतील जुने वाडे एकेक करून पाडले जात आहेत व त्या जागी सदनिकांच्या इमारती येत आहेत. वाडा कोणी पाडावा, कोणी पाडू नये, हा त्या कुटुंबाच्या अडचणींचा विषय आहे. दहा वाटेकऱ्यांच्या पडक्या वाड्यात राहण्याचा आग्रह इतरांनी धरणे योग्य नव्हे. परंतु वाडा ज्या दिवशी पाडावयास घेतात, त्याच दिवशी माळ्यावरचे दप्तर खाली येते आणि संध्याकाळपर्यंत रद्दीवाल्याच्या गाडीवर जाते. दगडी घाट शंभर वर्षांनीही अभ्यासता येईल. हा कागद दुसऱ्या दिवशीही मिळत नाही.

यावर एक साधा उपाय सुचतो. बांधकाम परवानगीचा अर्ज नगरपरिषदेच्या ज्या टेबलावर येतो, त्याच टेबलावरून अर्जदाराला एक छापील पत्र द्यावे : वाडा उतरविण्यापूर्वी जुने कागद, पोथ्या, वह्या, छायाचित्रे निघाल्यास ती टाकून देऊ नयेत, आणि शहरातील अमुक ग्रंथालयाला कळवावे, तेथील माणूस घरी येऊन पाहील, काहीही नेणार नाही. पत्रावर ग्रंथपालाचा दूरध्वनी क्रमांक असावा. परवानगीशी त्याचा काही संबंध जोडू नये, सक्ती तर मुळीच नसावी. अर्जदाराची स्वाक्षरी झाली की लिपिकाने हे पत्र त्याच्या हाती ठेवावे आणि त्याच दिवशी अर्जदाराचे नाव व घराचा पत्ता ग्रंथालयाला कळवावा, म्हणजे वाडा उतरविण्यास प्रारंभ होण्यापूर्वी ग्रंथपालाला एकदा त्या ओटीवर जाऊन बसता येईल.